सायकली मिळतात, चालू राहत नाहीत : मुंबईत वस्तीपातळीवरच्या सायकल उपक्रमासाठी पैसा कसा उभारायचा

मुंबईत सायकलीसाठी पैसा नाही, हे काही खरं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने सायकल ट्रॅक बांधला. त्यावर वर्षानुवर्षं गाड्या पार्क होत राहिल्या आणि २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी तो उखडायचं ठरलं. पवई तलावाकाठचा पालिकेचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. सिमेंटला पैसा मिळाला. सायकल शिकवणाऱ्या बाईच्या मानधनाला आणि महिन्याला चार ब्रेक शू बदलायला मात्र कोणी पैसा मागितला नाही, म्हणून कोणी दिलाही नाही.

हा लेख त्या दुसऱ्या पैशाबद्दल आहे. वस्तीतल्या बायका, मुली, ज्येष्ठ आणि दिव्यांग यांना सायकलवर बसवू पाहणारा एखादा महिला बचत गट, तरुण मंडळ किंवा निवृत्त शिक्षकांचा कट्टा असेल, तर त्यांनी कुठल्या क्रमाने काय करायचं, ते इथे आहे. क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक जण थेट मोठ्या कंपनीचं दार ठोठावतात, तिथून उत्तर येत नाही आणि उपक्रम व्हॉट्सअॅप ग्रुपवरच विरतो.

आधी माणसं आणि मैदान

पैसे मागायला निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: कोण चालवणार, कुठे चालवणार आणि सायकली रात्री कुठे राहणार.

‘सर्वांसाठी सायकल’ असं लिहिलेला अर्ज कोणालाच पटत नाही. ‘भांडुपच्या अमुक चाळींमधल्या, सायकल कधीच न शिकलेल्या ३० ते ५५ वयाच्या बायका’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस दिसतो. आपल्याकडे मुलीची सायकल बहुधा दहावीला सुटते आणि चाळिशीतल्या बाईने सायकल मागितली की घरातूनच ‘आता या वयात?’ असं ऐकू येतं. म्हणून बायकांची बॅच वेगळी ठेवा, शिकवणारीही बाईच असू द्या आणि वेळ त्यांना विचारूनच ठरवा. पहाटे पाणी येतं, सकाळी डबे असतात, संध्याकाळी मुलांचे क्लास. बऱ्याच वस्त्यांत दुपारी दोन ते चार हीच वेळ निघते आणि त्या वेळी मैदानही रिकामं असतं. ऊन मात्र असतं, तेव्हा सावलीचा कोपरा आधी पाहून ठेवा.

दृष्टिहीनांसाठी दोघांनी चालवायची टँडेम सायकल असते, पुढे डोळस आणि मागे दृष्टिहीन. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत आणि २०१६ मध्ये ते टँडेमवरून मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत गेले. एवढं लांब जायची गरज नाही. वरळीची नॅब (दृष्टिहीनांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था), दादरची कमला मेहता अंधशाळा, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा या संस्था मुंबईतच आहेत. अशा संस्थेशी अर्ज लिहिण्याआधी बोला. दिव्यांगांसाठीचा उपक्रम त्यांना न विचारता आखला की तो जाणकार देणगीदाराच्या पहिल्याच वाचनात उघडा पडतो.

जागेसाठी रस्त्याच्या नादी लागू नका. शिकणाऱ्याला बंदिस्त पटांगण लागतं, मग ते शाळेचं असो, पालिकेच्या मैदानाचं असो की मोठ्या सोसायटीच्या आवारातलं. पालिकेच्या मैदानासाठी वॉर्ड ऑफिसमध्ये उद्यान खात्याकडे अर्ज करा, पालिका शाळेच्या पटांगणासाठी शिक्षण विभागाकडे. दोन्ही ठिकाणी पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. परवानगी हातात आलेली नसली तरी ती पोच अर्जाला जोडता येते. हात बसल्यावर बायकांना रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात न्या. तिथला रस्ता शिकाऊ माणसाला धीर देतो. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि कोस्टल रोडच्या मुख्य रस्त्यावर सायकलला बंदी आहे, हे नव्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांगा.

नोंदणी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. महाराष्ट्रात बहुतेक सामाजिक गट सात सभासद जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवतात आणि त्याबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. मुंबईत हे कार्यालय वरळीला आहे. त्यानंतर पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, आयकराची १२ ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी मान्यता आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद, असा क्रम लावा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका, सीए गाठा.

एवढं सगळं होईपर्यंत थांबायचं का? नाही. परिसरात नोंदणीकृत, हिशेब स्वच्छ असलेली संस्था असेल तर पहिलं वर्ष तिच्या छत्राखाली काढा. त्यासाठी साधा लेखी करार करा: पैसा त्यांच्या खात्यात येईल, वेगळ्या खातेवहीत (लेजरला) लागेल, खर्चाला दोघांच्या सह्या लागतील आणि सायकली कोणाच्या मालकीच्या ते लिहिलेलं असेल. भांडणं नेमकी शेवटच्या मुद्द्यावर होतात.

अंदाजपत्रक

इथे थोडं थांबू, कारण उपक्रम जगतो किंवा मरतो तो याच कागदावर.

सायकल वाटपाचे कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिलेत. मांडव, हारतुरे, हँडलला रिबीन, पाहुण्यांसोबत फोटो. सहा महिन्यांनी त्याच सायकली चाळीच्या जिन्याखाली ट्यूब गेलेल्या, चेन गंजलेल्या अवस्थेत दिसतात. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्याकडे मागितलीच होती सायकल, दुरुस्ती नव्हे.

उदाहरणादाखल एक आकडेमोड देतो. वीस सायकली, साठ शिकणाऱ्या बायका-मुली, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने. आकडे अंदाजे आहेत, तुम्ही आपल्या भागातून कोटेशन घ्या.

जुन्या १२ सायकलींची दुरुस्ती, प्रत्येकी १,५०० : १८,०००
नव्या बिनगिअरच्या ८ सायकली, प्रत्येकी ७,००० : ५६,०००
हेल्मेट २० : १८,०००
दोन शिक्षिका, प्रत्येकी महिना ६,००० : ९६,०००
मेकॅनिक, आठवड्याला एक फेरी, ३४ आठवडे : ३४,०००
सुटे भाग, प्रत्येक सायकलीमागे महिना १५० : २४,०००
साखळ्या, कुलपं, ताडपत्री, स्टँड : १५,०००
प्रथमोपचार आणि विमा : १०,०००
हिशेब तपासणी, छपाई, किरकोळ : १९,०००
राखीव : १०,०००

एकूण तीन लाख. यात प्रत्यक्ष सायकलींचे ७४ हजार, म्हणजे जेमतेम पाव भाग. शिक्षिका, मेकॅनिक आणि सुटे भाग मिळून १ लाख ५४ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त. कोणी विचारलं की ‘एवढा मानधनावर खर्च कशाला?’, तर उत्तर हेच आहे की शिक्षिका नसेल तर सायकल शिकलेली बाई नसेल. मानधन लपवू नका, ‘प्रशासकीय’ म्हणून दडपू नका. तो उपक्रमाचा मुख्य खर्च आहे, तसाच लिहा.

मेकॅनिक बाहेरून आणण्यापेक्षा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याशी ठरवा. आठवड्याला ठरलेला दिवस आणि ठरलेली रक्कम असली की तो येतो. ब्रेक, चेन, हवा, वाकडं झालेलं चाक सरळ करणं (रिमचा आउट काढणं), एवढं नियमित झालं तर सायकल वर्षानुवर्षं चालते. वस्तीतल्या दोन मुलींना त्याच्या हाताखाली शिकवलंत तर अर्जात ‘कौशल्य प्रशिक्षण’ ही ओळ प्रामाणिकपणे घालता येते.

सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुनं कोटेशन पडलं असेल तर नवं मागवा. टँडेम आणि तीनचाकी सायकली मुंबईच्या दुकानांत सहज हाताशी नसतात, त्यांचं कोटेशन आणि पोचण्याचा वेळ वेगळा धरा. विम्यात पैसे वाचवायचे असतील तर १८ ते ७० वयाच्या प्रत्येक बाईचा तिच्याच बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. मुलींसाठी मात्र गटाचा अपघात विमा वेगळा घ्यावा लागेल.

पहिला पैसा गल्लीतला

सगळ्यात जवळची देणगी रोख नसते. मुंबईच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं परदेशी गेल्यावर राहिलेल्या सायकली धूळ खात पडलेल्या असतात. सेक्रेटरीला त्या नकोच असतात, पण हात लावायची भीती असते. त्याला सोपी वाट काढून द्या. ‘ज्यांच्या सायकली आहेत त्यांनी अमुक तारखेपर्यंत चिठ्ठी लावावी’ अशी नोटीस, मग कमिटीचा ठराव, मग तुमच्या संस्थेच्या नावे पोच. सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये विषयपत्रिका बनतानाच पत्र द्या. सायकली उचलायला टेम्पो लागतो, तो खर्चही सोसायटीकडेच मागा. जागा मोकळी होणार म्हणून ते खुशीने देतात.

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांकडे भाद्रपदात जाऊ नका, तेव्हा कोणाला ऐकायला फुरसत नसते. विसर्जनानंतर हिशेब लागला की शिल्लक किती ते कळतं आणि कार्यकर्त्यांनाही वर्षभर करायला काहीतरी हवं असतं. मंडळाकडे पैशांइतकीच उपयोगाची गोष्ट म्हणजे जागा. मंडपाचं सामान ठेवायच्या खोलीत वीस सायकली रात्री राहू शकतात. नागरी सहकारी बँका आणि पतपेढ्यांच्या शाखा व्यवस्थापकालाही भेटा. त्यांच्या वार्षिक सभेत सामाजिक कामासाठी थोडी रक्कम बाजूला काढली जाते आणि मराठी मध्यमवर्गीय वस्तीत त्यांची ओळखही घट्ट असते.

रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. चालू अध्यक्षाचं बजेट नोव्हेंबरपर्यंत संपलेलं असतं. मे महिन्यात पुढच्या अध्यक्षाला गाठा, तो नव्या प्रकल्पांच्या शोधातच असतो. तिथे तीस पानांचा अहवाल नेऊ नका. एक पान, एक फोटो, एक आकडा, आणि क्लबच्या सभासदांनी रविवारी स्वतः येऊन काय करावं ते.

जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन ही निधी उभारण्याची या शहरातली मोठी संधी आहे. त्यातला देणगीचा भाग युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते. नोंदणीकृत संस्थांना तिथे नाव नोंदवून धावणाऱ्यांमार्फत देणग्या गोळा करता येतात. नोंदणी मॅरेथॉनच्या बरीच आधी सुरू होते, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करा. ऑनलाइन क्राउडफंडिंगबद्दल माझं मत फारसं उत्साही नाही. आजाराच्या आवाहनांच्या गर्दीत सायकलीचं आवाहन मागे पडतं. ओळखीच्या दोनशे माणसांना वैयक्तिक निरोप पाठवायची तयारी असेल तरच तिकडे वळा. ८० जी असेल तर देणगीदाराला दोन गोष्टी आधीच सांगा: दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, आणि ही सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते.

सीएसआर : कंपनीच्या पैशाची भाषा

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका मर्यादेला पोचतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. अशा कितीतरी कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत आहेत. पण नव्या गटाने एक अट आधी वाचावी: बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचं तर तिच्याकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी. म्हणून पहिली तीन वर्षं गल्लीतल्या पैशावर काढायची किंवा अनुभवी संस्थेची भागीदार व्हायचं. त्या काळातले फोटो, हजेरीपट आणि पावत्या तारखेनिशी सांभाळा, तोच तुमचा अनुभव.

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कंपनीचा पैसा कशावर चालतो त्याची यादी आहे. सायकल हा शब्द त्यात नाही, पण प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा, स्त्री-पुरुष समानता, बायका आणि दिव्यांगांसाठी उपजीविका वाढवणारे प्रकल्प, पर्यावरण, झोपडपट्टी विकास हे सगळं आहे. खेळही आहे, पण तिथे खेळाडूंच्या प्रशिक्षणाची अपेक्षा असते, तुमचा उपक्रम तो नव्हे. अर्जात एकच मथळा निवडा. चार मथळ्यांखाली बसवायचा प्रयत्न केला की तपासणाऱ्याला कुठलाच नीट दिसत नाही. बायकांचा आणि आरोग्याचा गट असेल तर प्रतिबंधात्मक आरोग्य, टँडेमचा असेल तर दिव्यांग.

वेळ पाळा. कंपन्यांचा वार्षिक आराखडा साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकार घेतो, म्हणून जानेवारीत पहिली भेट. खर्च न झालेल्या पैशाची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा ‘लगेच घ्या, ३१ मार्चच्या आत बिलं द्या’ असे फोन येऊ शकतात. मोह होतो. आठ महिन्यांचं मानधन सहा आठवड्यांत खर्च दाखवता येत नाही, मग तोच पैसा सायकल खरेदीवर जातो आणि पुन्हा जिन्याखालची गंजलेली रांग तयार होते. अशा वेळी कंपनीला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता द्यायला सुचवा. तसं झालं तर उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. कंपनीतल्या माणसाला हे माहीत असतंच, पण तुम्हालाही माहीत आहे हे कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आणि उद्घाटनाचा हट्ट कंपनीने धरला तर वाद घालू नका. झेंडा दाखवू द्या, टी-शर्टवर लोगो घाला. त्या बदल्यात करारात एक ओळ घालून घ्या: एकूण रकमेपैकी अमुक हिस्सा देखभालीसाठीच वापरला जाईल.

सरकारी निधी

आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी दोन्ही वर्षाला ५ कोटींचे आहेत, पण ते टिकाऊ कामांसाठी असतात. मानधन किंवा ब्रेक शू यातून मिळणार नाहीत. मागायचंच तर मैदानातली शेड, सायकल स्टँड, दिवे मागा. पालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखायचा असतो. टँडेम आणि तीनचाकीसाठी नियोजन विभागात चौकशी करा. केंद्राचा ‘संडेज ऑन सायकल’ हा फिट इंडियाचा उपक्रम डिसेंबर २०२४ पासून चालू आहे. त्यात पैसे नसले तरी सहभागाचा फोटो पुढच्या अर्जाला उपयोगी पडतो.

परदेशातल्या संस्थेकडून, परदेशी नागरिकाकडून किंवा ओसीआय कार्डधारकाकडून (परदेशी नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची व्यक्ती) एक रुपयाही एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका, रक्कम कितीही लहान असो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भाच्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी मात्र परकीय मानली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा.

अर्जात काय लिहायचं

दोन पानं पुरतात. पहिल्या परिच्छेदात वस्ती, माणसं आणि अडचण. दुसऱ्यात पुरावा. मुंबईसाठी तो हाताशी आहे: पालिका आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सर्वेक्षणात १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांपैकी ३४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला आणि १८ टक्क्यांच्या रक्तात साखर वाढलेली होती. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं संघटना सांगते. समावेशाच्या बाजूने बिहारचं उदाहरण द्या. २००६ मध्ये तिथे नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतला मुलींचा प्रवेश सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेने हजारो ग्रामीण बायकांना सायकल शिकवली, तेही एका ओळीत येऊ द्या. पण तिथे लांबची शाळा आणि गावचा रस्ता होता, तुमच्याकडे मुंबईची गर्दी आहे, हेही लिहा. वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न येणारच.

‘आमच्या उपक्रमाने मधुमेह कमी होईल’ असं लिहू नका. साठ बायका आणि आठ महिने यांतून ते सिद्ध होत नाही. जे मोजता येईल तेच कबूल करा: किती जणी मदतीशिवाय चालवू लागल्या, शिकून तीन महिने झाल्यावरही आठवड्यातून दोनदा चालवणाऱ्या किती, त्यांची आठवड्याची मिनिटं किती, किती सायकली चालू स्थितीत आहेत. रक्तदाब आणि साखर जवळच्या ‘आपला दवाखाना’मध्ये सुरुवातीला आणि शेवटी तपासून घ्या, पण ती तपासणी कोणाला त्रास आहे ते कळावं म्हणून, यश मिरवण्यासाठी नव्हे. ज्यांचा दाब फार वाढलेला निघेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पेडल मारावं. मुलींचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही अहवालात जाता कामा नयेत. देणगीदाराने मागितले तरीही.

हिशेब आणि पावसाळा

पैसे आल्यावर दर तिमाहीला एक पान पाठवा: खर्च किती, चालू सायकली किती, बंद किती आणि का. वर्षअखेरीस सीएने दिलेलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला. बंद सायकलींचा आकडा लपवू नका. ‘वीसपैकी तीन बंद, दोनची फ्रीव्हील बदलायची आहेत, एकीचा सांगाडा वाकलाय’ असं लिहिणारी संस्था पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मागू शकते, कारण तिच्याकडे सायकली मोजल्या जातात हे दिसतं.

जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मेकॅनिककडून सगळ्या सायकलींचं ऑइलिंग करून घ्या, टायरमध्ये हवा भरून त्या टांगून ठेवा, सीटवर प्लॅस्टिक. मग शिक्षिकांचं मानधन बंद करायचं की अर्धं चालू ठेवायचं, हा प्रश्न येतो. जमल्यास अर्धं चालू ठेवा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत त्या दुसरं काम धरतात. तसं ठरलं तर ती रक्कम मूळ अंदाजपत्रकात आधीच वाढवून घ्या. या चार महिन्यांत त्यांच्याकडूनच हजेरीपट नीट लावून घ्या, सोसायट्यांना पत्रं पोचवा आणि मॅरेथॉनची नोंदणी पूर्ण करा. मैदानाच्या परवानगीचा नवा अर्ज ऑगस्टमध्येच टाका, गणपतीत वॉर्ड ऑफिसमध्ये फाइल पुढे सरकत नाही.